सावडीचा रविवार

माझ्या बी.ए.च्या दुसऱ्या वर्षातल्या एका रविवारी वर्गात मी नव्हते, माझ्या मोठ्या जाऊबाई होत्या. त्याही काही चोरून नाही. चांगली काठाची साडी नेसून, पिशवीत पाण्याची बाटली आणि पोळीभाजीचा डबा घेऊन त्या एसटीनं आमच्या तालुक्याच्या गावी, मालेगावला गेल्या, हजेरीत माझं नाव आलं तेव्हा उभ्या राहिल्या आणि भर वर्गात सरांना म्हणाल्या, "ते वावरात हाय. तिच्या सावडीनं मी आली."

हे सांगितलं की लोक पोट धरून हसतात. मीही आता हसते. तेव्हा मात्र माझा असा तिळपापड झाला होता की दोन दिवस मी घरात कोणाशी धड बोलले नव्हते. त्यानं कोणाचं काही अडलं नाही, हे वेगळं.

मुळात हे शिकण्याचं खूळ डोक्यात शिरलं ते गावातल्या वाचनालयामुळे. संध्याकाळी खोली उघडायला कोणी मिळेल का, असं तिथले सचिव विचारत फिरत होते. बारावी पास, घर जवळ आणि मानधनाचा आकडा ऐकून न हसणारी, अशी गावात मी एकटीच निघाले. खोलीत तीन लोखंडी कपाटं, एक लांब टेबल आणि वर्तमानपत्रं. वाचक म्हणजे गावातले पुरुष. ते आधी बाजारभावाचं पान उघडत. सोयाबीन उतरलं असलं की पेपर माझ्यापुढं असा टाकत, जणू भाव मीच पाडला होता.

पुस्तकं आकाराप्रमाणं लावलेली होती. उंच मागं, बुटकी पुढं, शाळेच्या फोटोत पोरं उभी करतात तशी. शेळीपालनाच्या मांडीला मांडी लावून एक ऐतिहासिक कादंबरी बसली होती आणि तिच्या पलीकडं मूळव्याधीवरचे घरगुती उपाय. मी ती सगळी खाली काढली, पुसली आणि विषयाविषयानं लावायला घेतली. कोणी सांगितलं नव्हतं. पण एकदा एका म्हाताऱ्यानं विहिरीच्या पाण्याबद्दल काही आहे का विचारलं, मी उठून नेमकं पुस्तक त्याच्या हातात दिलं, आणि तो तिथंच उभ्या उभ्या वाचायला लागला. त्या दिवशी घरी येताना मला फार बरं वाटत होतं. दिवसभर मला लोक विचारत ते भाकरी झाल्या का, पोरगी जेवली का, म्हशीला पाणी दाखवलं का. त्या खोलीत मला पुस्तकांबद्दल विचारत. ते काम मला आवडलं. इतकं आवडलेलं दुसरं काही मला तोवर सापडलं नव्हतं.

पुढं एकदा जिल्ह्याच्या गावाहून एक बाई वाचनालय बघायला आल्या. कपाटासमोर उभ्या राहून त्यांनी विचारलं, "हे कोणी लावलं?" मला वाटलं, आता बोलणी खावी लागणार. त्या म्हणाल्या, "रीतसर का शिकत नाही तुम्ही? एम.लिब.पर्यंत जा. मग मोठ्या ग्रंथालयांची दारं तरी ठोठावता येतील." मी म्हटलं, मॅडम, मी बारावी आहे. त्यांनी टेबलावर बोटानंच जिना काढून दाखवला. आधी कुठलीही पदवी, तीन वर्षं. त्यावर ग्रंथालयशास्त्राची पदवी, एक वर्ष. त्यावर पदव्युत्तर, आणखी एक. त्यांचं बोट टेबलाच्या कडेशी जाऊन थांबलं. त्या गेल्यावर मी त्या कडेकडे बराच वेळ बघत बसले.

घरी सांगितलं तेव्हा नवरा सोयाबीनच्या कुटाराची, म्हणजे वाळल्या काडाची गंजी लावून नुकताच पाय धूत होता.

"पुस्तकं रचायले डिगरी लागते?" तो म्हणाला. "आमी एवढ्या गंज्या रचल्या, आमाले कोनं बोलावलं नाई पदवी घ्याले."

"तुमच्या गंजीतून कोनी एकच काडी मांगत नाई," मी म्हटलं. त्यावर तो हसला. माझा नवरा भांडणात हरला की हसतो. त्यामुळे आमच्या घरात भांडणं लवकर संपतात, आणि काम तिथल्या तिथंच राहतं.

मग सल्ले सुरू झाले. नात्यातल्या एका शिकलेल्या भाऊजींनी पुण्याच्या कुठल्याशा खासगी कॉलेजची माहिती मोबाईलवर धाडली. त्या इमारतीचा फोटो पाहूनच नवऱ्यानं फोन उलटा ठेवला. कॉम्प्युटरच्या दुकानातला पोरगा म्हणाला, "ताई, बी.एस्सी. करा, बी.एस्सी.ले मान हाय." बी.एस्सी.ला रोजचं प्रॅक्टिकल असतं आणि माझं रोजचं प्रॅक्टिकल गोठ्यात असतं, हे त्याला कोण सांगणार? जऊळक्याहून, म्हणजे माझ्या माहेराहून, आईचा फोन आला, "शिक, पन सासूले इचारून शिक." सगळ्यांचे सल्ले फिरून आत्याबाईंच्या दारातच येत होते. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई.

आत्याबाई तेव्हा अंगणात सूप घेऊन तूर पाखडत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. सूप थांबलं नाही.

"मंग त्या लायबरीसाठी बीए कोनत्या इषयात लागते?"

"कोनत्याबी. काहीबी चालते."

सूप थांबलं. "काहीबी?"

"हो. पदवी पायजे फक्त."

त्यांनी माझ्याकडं संशयानं पाहिलं. वावरात काहीही पेरा, वर तूरच येईल, असं कोणी सांगितलं असतं तर त्यांनी असंच पाहिलं असतं. मग पुन्हा पाखडायला लागल्या आणि म्हणाल्या, "काहीबी चालते तं सगळ्यात सस्तं हाय ते घे. घरी राहून होत असन ते घे. त्याच्यात इचार कायचा एवढा?"

माझ्या पाच वर्षांच्या शिक्षणाचं नियोजन ते एवढंच. मुक्त विद्यापीठाची बी.ए., पुस्तकं घरपोच, मालेगावच्या केंद्रावर फक्त रविवारचे वर्ग, बायकांना एसटीत अर्धं तिकीट. फी माझ्या वाचनालयाच्या मानधनातून निघणार होती. विषय मी मराठी, इतिहास आणि समाजशास्त्र घेतले, कारण त्यांची पुस्तकं शेतातून आल्यावरही डोळ्यांपुढं उभी राहतील असं वाटलं. पुढचं बी.लिब. आणि एम.लिब.ही त्याच विद्यापीठातून करायचं. मी फार खुशीत होते. तेवढ्यात आत्याबाईंनी सूप बाजूला ठेवलं.

"एक गोष्ट आयकून घे. वावरातला तुहा तास मांगं राह्यला का शाया बंद. मंग मी कोनाचं आयकनार नाई."

त्या नुसतं बोलत नव्हत्या. आमचं वावर थोडं, दोन भावांचं एकत्र. मजूर लावून शेती करणाऱ्यांपैकी आम्ही नाही. घरातली माणसं तेवढेच हात. निंदणाला बायका आपापला तास, म्हणजे पिकाची एकेक ओळ, धरून रांगेनं बसतात तेव्हा आत्याबाई सगळ्यांत पुढं असतात, मग जाऊबाई, मग मी. एक हात कमी झाला की तण बरोबर तिथंच वाढतं आणि साऱ्या गावाला दिसतं. मी मान डोलावली. आपण कशाला मान डोलावली ते मला नंतर कळलं.

कळलं तेव्हा सावड आठवली. आमच्याकडं निंदणाला आणि सोंगणीला, म्हणजे कापणीला, माणूस मिळत नाही, म्हणून चार घरच्या बायका एकमेकींच्या वावरात जातात. आज सगळ्या माझ्याकडं, उद्या सगळ्या तुझ्याकडं. पैसा मधे येत नाही. नियम एकच, डोक्याला डोकं. तुम्हाला ताप आला तर बहीण पाठवा, जाऊ पाठवा, पाहुणी आलेली मावशी पाठवा. जी येईल ती मोजली जाते. तू कोण, असं कोणी विचारत नाही. तिनं फक्त वाकायचं असतं.

मी तेच धरलं. आठवड्यातून एखादा जास्तीचा दिवस दुसरीच्या वावरात राबायचं, आणि रविवारी तिनं आमच्या रांगेत माझ्या जागी बसायचं. शेजारच्या काकू, पलीकडच्या आळीतली एक सून, अशा दोघी-तिघी तयार झाल्या. पहिलं वर्ष असंच निघालं. मी मालेगावला बाकावर बसून स्वातंत्र्यपूर्व काळातले सुधारक ऐकायची आणि माझ्या तासात काकू बसून माझ्या सासूशी गप्पा हाणायच्या. परत आले की आत्याबाई म्हणायच्या, "काकूचा हात तुह्यापक्षा लवकर चालते. तू रोज शायेत जात जाय."

जाऊबाई मात्र काही बोलत नसत. त्यांचं बोलणं म्हणजे "हं" आणि "बरं". लग्न होऊन त्या घरात आल्या तेव्हा मी शाळेत होते. सगळं काम त्यांच्या हातून असं निघायचं की झालं कधी ते कळू नये. मी त्यांना कधी काही मागताना पाहिलं नव्हतं. त्यांना काही नको असेल, असंच मी समजत होते.

मग तो दुसऱ्या वर्षाचा रविवार आला. सोयाबीन सोंगून झालं होतं आणि वावरभर कापलेलं पडलेलं होतं. शनिवारी दुपारी मोबाईलवर पावसाचा निरोप आला. आमच्या पट्ट्यात तो निरोप आला की माणसं पोळी ताटात टाकून उठतात. भिजलं की शेंग काळी पडते आणि वर्षाची मेहनत मातीत जाते. दुसऱ्या दिवशी काहीही करून सगळं गोळा करून पेंढ्यांची सुडी रचायची होती, वर ताडपत्री ताणायची होती. आणि सगळ्याच घरांचं सगळंच पडलेलं. सावडीला कोण येणार?

तिकडं केंद्रावरच्या सरांनी मागच्याच रविवारी बजावलं होतं की या वेळी जो हजर नसेल त्याचा स्वाध्याय घेणार नाही. स्वाध्याय नाही तर पेपर नाही. आणि इकडं तास मागं राहिला तर शाळा बंद. दोन्हीकडून शेवट एकच होता. मी चुलीपुढं बसले आणि धूर नसताना डोळे पुसले.

जाऊबाईंच्या बोटाला सोंगताना विळा लागला होता. चांगली खोल जखम. पट्टी बांधलेली, त्या हातानं पेंढ्या उचलता येत नव्हत्या. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. आत्याबाईंनी एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा त्यांच्याकडं, आणि निकाल दिला.

"तू वावरात चाल. हे जाईन शायेत."

मला वाटलं थट्टा आहे. "आत्याबाई, तठी सावड नाई चालत."

"काहून नाई चालत? त्याईले मानूस पायजे ना बसाले? मानूस धाडून राह्यलो आपन. डोक्याले डोकं."

"सर माह्यं नाव घेतीन!"

"मंग हे सांगन कोनाच्या जागी आली म्हनून. खोटं थोडी बोलाचं हाय?"

मी नवऱ्याकडं पाहिलं. नवरा हसत होता, म्हणजे तो आधीच हरला होता. जाऊबाईंकडं पाहिलं. त्या उठल्या, ट्रंक उघडली आणि काठाची साडी बाहेर काढली. फक्त "बरं" म्हणाल्या.

रविवारी सकाळी नवऱ्यानं त्यांना मोटारसायकलवर जवळच्या मेडशीच्या स्टँडवर सोडलं आणि वावरात येऊन मला म्हणाला, "बसल्या. खिडकीशी बसल्या." मी पेंढी अशी आपटली की तिच्या शेंगा फुटल्या. आत्याबाई म्हणाल्या, "राग सुडीत घाल, पक्की बसन." त्या दिवशी माझ्या हातची सुडी गावात सगळ्यांत चांगली लागली. अंधारून आलं तेव्हा ताडपत्री ताणून झाली होती, आणि आम्ही घरी पोचतो तोच पहिले थेंब पडले.

जाऊबाई आमच्याआधी येऊन ओट्यावर बसल्या होत्या. साडी तशीच होती, अजून बदललेली नव्हती. त्यांना बोलतं करायला सगळे भोवती जमले. वर्गात काय झालं ते त्यांच्या तोंडून काढताना दात उपटल्याइतका वेळ लागत होता. थोडक्यात असं झालं: माझं नाव आलं, त्या उभ्या राहिल्या, सावडीनं आल्याचं सांगितलं, वर्ग हसला. सरांनी विचारलं, सावड म्हणजे काय? सर शहरातले असावेत. जाऊबाईंनी त्यांना समजावून सांगितलं. सर म्हणाले, बाई, हे इथं चालत नाही, हजेरी लागणार नाही.

"मंग तुमी काय म्हनलं?" मी विचारलं.

"म्हनलं, मोटर संध्याकायी हाय. तवरोक बसू का?"

सर म्हणाले, बसा.

"आन् शिकोलं काय?" नवऱ्यानं विचारलं.

"कुटुंब."

"कोनाचं?"

"आपल्यासारखं. एकत्र रायते ते. सर म्हनत होते, अशा घरात सुनाईवर कामाचा लय बोजा रायते." त्यांनी चहाचा घोट घेतला. "मी उभी राहून म्हनलं, सासवाईवर बी रायते."

आत्याबाईंनी जाऊबाईंच्या कपात आणखी चहा ओतला. माझी हजेरी बुडाली होती, आणि घरात सगळ्यांना फार मजा आली होती. मी कोणाशी बोलले नाही ते दिवस हेच.

पुढच्या रविवारी मी वर्गात शिरले तेव्हा सरांनी चष्म्यावरून पाहिलं. "तुम्ही मूळ की बदली?" सगळा वर्ग हसला. जमीन दुभंगावी असं मला झालं. मी पावसाचं, सुडीचं सगळं सांगितलं. सरांनी एक जास्तीचा स्वाध्याय लिहून आणायला लावला आणि मागचा घ्यायचं कबूल केलं. माझा जीव भांड्यात पडला. निघताना म्हणाले, "तुमच्या जाऊबाई शेवटपर्यंत जाग्या होत्या. रविवारी दुपारी या वर्गात मी असं फारसं पाहिलेलं नाही." मी घरी येऊन हे सांगितलं. जाऊबाई म्हणाल्या, "हं."

त्यानंतर एक नवीनच त्रास सुरू झाला. माझी पुस्तकं जागेवर राहीनात. दुपारी भांडी झाली की जाऊबाई समाजशास्त्राचं पुस्तक घेऊन बसायच्या. झोप येते म्हणून घेतलं, असं सांगायच्या. आणि कुठवर आलं ते कळावं म्हणून पानाचा कोपरा दुमडायच्या. ग्रंथपाल व्हायला निघालेल्या बाईच्या घरात पुस्तकाचा कान दुमडलेला! मी प्रत्येक वेळी तो सरळ करायची आणि एसटीची जुनी तिकिटं खुणेसाठी त्यांच्याजवळ द्यायची. त्या तिकिटं घ्यायच्या, नीट ठेवायच्या आणि पुन्हा कोपरा दुमडायच्या. पुस्तक वाचून झोप येते तर पुढच्या प्रकरणावर कशा जातात, असा प्रश्न मला पडायला हवा होता. मला फक्त कोपरे दिसत होते.

मी बी.ए. झाले. नवऱ्यानं वाचनालयात पेढे वाटले आणि पेपर वाचणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं, "आता इच्याशी अदबीनं बोला, नाईतं पुस्तक सापडनार नाई." त्या दिवशी सोयाबीन उतरलेलं असूनही कोणी पेपर टाकला नाही.

आणि मग गाडी अडली. ग्रंथालयशास्त्राचं केंद्र मालेगावात नव्हतं, अकोल्याला होतं. मेडशीहून उलट्या दिशेची मोटर, जास्तीचे वर्ग, आणि वर्गीकरण-तालिकीकरणाचं प्रात्यक्षिक सलग दिवसांचं, तेही नेमकं तूर सोंगायच्या दिवसांत. पुस्तकाला त्याचा विषय पाहून आकडा द्यायचा, त्याची नोंद अशी करायची की अनोळखी माणसालाही ते सापडावं, हेच तर मला शिकायचं होतं. एका रविवारची सावड करता येते. एवढ्या दिवसांची सावड कोण करणार, आणि मी ती कधी फेडणार? मी हरप्रकारे जुळवून पाहिलं. जुळलं नाही.

नवऱ्याला म्हटलं, यंदा राहू द्या, पुढच्या वर्षी पाहू. तो या वेळी हसला नाही. आमच्या घरात 'पुढच्या वर्षी पाहू' म्हणून ठेवलेलं न्हाणीचं दार अजून बसायचं आहे, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. एकदा सुटलं की ते पुन्हा हाती लागणार नव्हतं, एम.लिब. तर नाहीच. मला रडू येत नव्हतं, याचंच जास्त वाईट वाटत होतं.

प्रवेशाची मुदत संपत आली होती तेव्हा आम्ही निंदणाला होतो. सोयाबीन गुडघ्याच्या खाली, ऊन आणि ढग यांची खेळाखेळी चाललेली. आत्याबाई पुढं, मग जाऊबाई, मग मी. जाऊबाईंनी, हात न थांबवता, विचारलं, "फारम भरला का व?"

"नाई. नाई भरत."

"काहून?"

मी सांगितलं. तूर, प्रात्यक्षिक, अकोला, सगळं.

"मी करते तुह्या वाट्याचं," त्या म्हणाल्या. "पुरं सालभर. सावडीनं."

मी थांबले. "बाई, मी एवढं फेडू कशी?"

"फेडाची हाय ना. सुट्टी नाई देत मी." त्यांनी उपटलेलं मूठभर तण झटकलं, मुळाची माती पाडली. "तुहं हे झालं का माहे रविवार सुरू होतीन. तवा तू माह्या तासात बस."

"तुमचे कायचे रविवार?"

"बीएचे."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. "बाई, बीएले बारावी लागते."

"बारावी पास हाव मी. लग्नाच्या आंधी झाली." त्या पुन्हा वाकल्या. "कोनं इचारलं कई?"

एवढी वर्षं एका चुलीवर जेवलो आम्ही. त्यांच्या बाळंतपणाचे डिंकाचे लाडू किती झाले ते मला पाठ होतं. हे मला माहीत नव्हतं. माझ्या हातात तण तसंच राहिलं. तेवढ्यात पुढून, मान न वळवता, आत्याबाई बोलल्या.

"मले माईत होतं. मीच तं पाहून आनली ना तिले. शिकेली हाय म्हनून आनली, आन् मंग दोन लेकरं, म्हशी, वावर. राहून गेलं." त्यांनी विळ्याची माती झटकली. "तुले काय वाटलं, हजेरी अशी लागत नसते हे मले समजत नोतं?"

"मंग धाडलं कायले बाईले?" मी जवळजवळ ओरडलेच. "माही हजेरी बुडाली ना!"

"तुही एक बुडाली. तिचं तं पुरंच बुडालं होतं. म्हनलं एक दिवस बसन बाकावर, तं बसू दे."

जाऊबाई खाली मान घालून भराभर निंदत होत्या आणि त्यांचा तास सगळ्यांच्या पुढं चालला होता. आत्याबाईंनी हे त्या पावसाच्या शनिवारीच ठरवलं होतं की आता वावरात बसून जुळवून घेतलं, मला आजही ठाऊक नाही. विचारलं की त्या म्हणतात, "मले आठोत नाई." मागच्या वर्षी कोणाची शेळी कोणाच्या तुरीत शिरली होती ते मात्र त्यांना व्यवस्थित आठवतं.

मी अर्ज भरला. तूर जाऊबाईंनी सोंगली. अकोल्याच्या प्रात्यक्षिकात माझ्यापुढं पुस्तकांचा ढीग ठेवला तेव्हा तिकडं त्या माझ्या वाट्याचा तास काढत असतील या विचारानं मी एकही पुस्तक चुकीच्या आकड्याखाली जाऊ दिलं नाही. बी.लिब. झालं. यंदा एम.लिब. चालू आहे. आणि यंदाच जाऊबाईंनी नाव घातलं. वर्गाची तारीख एकाच दिवशी आली की आत्याबाई दोन सुनांकडं आळीपाळीनं पाहतात आणि म्हणतात, "आता मलेच धाडता का काय?"

जाऊबाईंच्या पहिल्या रविवारी मी त्यांच्या तासात बसले. पाठ मोडून गेली. जाऊबाई रोज किती पुढं काढतात ते तेव्हा कळलं. संध्याकाळी ओट्यावर आलो तर त्या साडी न बदलता बसलेल्या. मी पिशवीतलं पुस्तक काढून पाहिलं. पहिल्याच प्रकरणाचा कोपरा दुमडलेला होता. तो मी सरळ केला नाही.

"सर तेच हायेत का?" मी विचारलं.

"तेच."

"वळखलं का तुमाले?"

"हं. माहं नाव घेतलं. मी उभी राह्यली, तं पाहतच राह्यले." जाऊबाईंनी पदरानं तोंड पुसलं, उगीचच. "मंग इचारलं, बाई, तुमी मूळ का बदली?"

"मंग?"

"मी म्हनलं, मूळ."

एवढं बोलून त्या उठल्या आणि साडी बदलायला आत गेल्या. आत्याबाईंनी चूल पेटवली, आणि मी म्हशीला पाणी दाखवायला गोठ्यात गेले, कारण आज ते जाऊबाईंच्या वाट्याचं काम माझ्याकडं होतं.